रग्बी : साठ किलोमीटर आणि दीडशे वर्षं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसईच्या चिमाजी आप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो, तेव्हा कबड्डीच्या सामन्यांभोवती माणसं दाटीवाटीने उभी असतात. चढाईवर आलेल्या गड्याचा घोटा कोपऱ्यातला खेळाडू धरतो, दुसरा मांडीत घुसतो, तिसरा अंगावर पडतो आणि मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे गडी आडवा होतो. ही पकड इथल्या पोरांना कोणी पुस्तकातून शिकवलेली नाही. ती गल्लीत, शाळेत, मंडळात पाहून पाहून अंगात आलेली आहे.

याच पोरांना रग्बीचं नाव काढून विचारलं, तर बहुतेकांना हेल्मेट आणि खांद्यावर फुगीर चिलखत घातलेले अमेरिकन आठवतात. तो खेळ वेगळा. रग्बीत चिलखत नसतं. जर्सी, आखूड चड्डी, खिळ्यांचे बूट आणि दातांवर रबरी कवच एवढ्यावर खेळाडू एकमेकांना भिडतात. हा खेळ आपल्या देशात काल-परवा आलेला नाही. कोलकात्यात त्याचा पहिला सामना 1872 मध्ये झाला. विरारहून साठ किलोमीटरवर, चर्चगेटला उतरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर तो कित्येक पिढ्या खेळला जातो आहे. असं असताना पकडीत तरबेज असलेल्या मुलखात हा पकडीचा खेळ रुळला का नाही? त्यासाठी रग्बीचे नियम, जन्म आणि रीतिरिवाज या तिन्हींकडे पाहावं लागतं.

पकड तीच, पुढची रीत वेगळी

कबड्डी येणाऱ्याला रग्बी समजावणं सोपं आहे. रग्बीचा जो प्रकार ऑलिंपिकमध्ये खेळला जातो, त्या 'सेव्हन्स'मध्ये कबड्डीसारखेच सात-सात खेळाडू असतात. फरक जागेचा आहे. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर. रग्बीचं मैदान दोन्ही गोलरेषांच्या मध्ये 100 मीटरपर्यंत लांब आणि 70 मीटरपर्यंत रुंद. कबड्डीची पन्नासहून जास्त मैदानं त्यात मावतील. साहजिकच कबड्डीत जे काम दम आणि पायाची चपळाई करते, ते इथे लांब धाव करते.

चेंडू लंबगोल. तो बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला म्हणतात 'ट्राय', म्हणजे प्रयत्न. नाव विचित्र वाटतं, पण त्यात खेळाचा इतिहास आहे. सुरुवातीला चेंडू टेकवल्याला एकही गुण नव्हता. त्यातून फक्त गोलखांबांमधून लाथ मारून बघण्याची संधी, म्हणजे एक 'ट्राय', मिळायची. हळूहळू त्या संधीचंच मोल वाढत गेलं. आज ट्रायला 5 गुण आहेत, तो अंक 1992 पासून ठरला. त्यानंतरच्या यशस्वी लाथेला 2, पेनल्टीला 3 आणि चालत्या खेळात चेंडू जमिनीवर टप्पा पाडून मारलेल्या ड्रॉप गोललाही 3. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडवी दांडी जमिनीपासून तीन मीटरवर, आणि चेंडू तिच्या वरून जायला हवा.

या खेळाचा आत्मा म्हणावा असा नियम एकच: चेंडू हाताने पुढे द्यायचा नाही. द्यायचा तर बाजूला किंवा मागे. हातातून निसटून पुढे पडला तरी चूक. त्यामुळे जागा मिळवायची ती पळून किंवा लाथेने. आणि पळणाऱ्याच्या मागे नेहमी कोणीतरी हवाच, नाहीतर तो पकडला गेला की चेंडू गेला. बघणाऱ्याला गोंधळ वाटतो तो यामुळे. एकजण पुढे घुसतो आणि सहाजण तिरक्या रांगेत त्याच्या मागे धावत असतात.

आता पकड. कबड्डीत चढाईपटूला एकदा धरला की पंचांची शिटी वाजेपर्यंत सोडत नाहीत. सोडला तर तो रेषेपर्यंत हात पोचवतो. रग्बीत उलट. गडी जमिनीवर आला की पकडणाऱ्याने त्याला ताबडतोब सोडायचं आणि पडलेल्यानेही चेंडू ताबडतोब सोडायचा. मग जे पायावर उभे आहेत ते त्या चेंडूवर झुकून एकमेकांना रेटतात, हा 'रक'. गडी पडला नाही, उभ्यानेच सगळ्यांनी त्याला वेढलं, तर 'मॉल'. चेंडू पुढे सांडला की 'स्क्रम': पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बीत आठ विरुद्ध आठ, खांद्याला खांदा अडकवून, पंचांच्या हुकमाने एकत्र भिडतात. विरार लोकलच्या दाराशी रोज सकाळी जी रेटारेटी होते तिला आपण गमतीने स्क्रम म्हणू, पण खऱ्या स्क्रममध्ये कोणाचा हात कुठे असावा हेसुद्धा ठरलेलं असतं, आणि ती कोसळली तर खेळ थांबतो. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन रांगा लावून तो वर फेकतात आणि साथीदार आपल्या उंच गड्याला अक्षरशः उचलून धरतात.

पंधराचा सामना 80 मिनिटांचा, सातांचा 14 मिनिटांचा. पंधरांत सगळ्या अंगकाठीच्या माणसांना जागा आहे. स्क्रमच्या पुढच्या रांगेत आडवे-दणकट, दुसऱ्या रांगेत ताडमाड, चेंडू काढून देणारा स्क्रम-हाफ बुटका आणि चलाख, कडेला वाऱ्यासारखे पळणारे. सातांत मात्र सगळ्यांनाच पळावं लागतं.

पोरांनी लिहिलेले नियम

इंग्लंडमधल्या रग्बी गावातल्या शाळेत 1823 साली विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळताना चेंडू हातात उचलला आणि धाव घेतली, अशी कथा आहे. विश्वचषकाला त्याचंच नाव आहे. ही कथा पहिल्यांदा छापली गेली 1876 मध्ये, म्हणजे घटनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी; आणि एलिस त्याच्या चार वर्षं आधीच वारला होता. त्याने काही केलं असेलही. पण एका पोराच्या धावेतून खेळ जन्माला येत नाही. चेंडू हातात घेऊन धावणं शाळेत रूढ व्हायला पुढची दोन दशकं लागली, आणि 1845 मध्ये विद्यार्थ्यांनीच नियम लेखी उतरवले.

इथे आपल्या हुतूतूची आठवण होते. गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जाणारा तो खेळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातल्या आणि बडोद्याच्या व्यायामसंस्थांनी नियमांत बसवला, 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिक केलं, आणि हुतूतूची कबड्डी झाली. खेळ जुनेच असतात. ते कोण लिहून काढतं, त्यावर पुढे त्यांची मालकी ठरते.

रग्बीची मालकी श्रीमंतांच्या निवासी शाळांकडे गेली. 1863 मध्ये लंडनच्या क्लबांनी एकच फुटबॉल ठरवायला बैठका घेतल्या. तिथे भांडण झालं ते हातापेक्षा पायावरून: प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारायला परवानगी हवी, असा ब्लॅकहीथ क्लबचा हट्ट होता. तो मानला गेला नाही म्हणून ते बाहेर पडले. 26 जानेवारी 1871 रोजी एकवीस क्लबांनी रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली, आणि तिने नडग्या फोडण्यावर बंदीच घातली. त्याच वर्षी 27 मार्चला एडिंबरोत स्कॉटलंड-इंग्लंड पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तेव्हा प्रत्येक बाजूला वीस खेळाडू होते. पंधरा झाले 1877 पासून.

दुसरी फूट पैशावरून पडली. उत्तर इंग्लंडच्या क्लबांत खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. शनिवारी सामना म्हणजे मजुरी बुडाली. ती भरून द्यावी ही मागणी दक्षिणेच्या साहेबांनी नाकारली, आणि 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच तेरा खेळाडूंचं 'रग्बी लीग' आलं. गिरणगावात कबड्डी कशी वाढली हे ठाऊक असलेल्याला या भांडणात कोणाची बाजू घ्यावी हे सांगावं लागणार नाही. पंधरांच्या रग्बीत पैसे घेऊन खेळायला अधिकृत मुभा मिळाली ती बरोबर शंभर वर्षांनी, 1995 मध्ये.

वितळवलेले रुपये

भारतातला पहिला सामना 25 डिसेंबर 1872 रोजी, नाताळच्या दिवशी, कोलकात्यात झाला: एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड-आयर्लंड-वेल्सचे मिळून वीस. महिनाभरात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. खेळापेक्षा क्लबची फुकट दारू जास्त प्रिय होती असं म्हणतात, कारण ती बंद झाली आणि सभासद गळाले. खेळणारी पलटणही शहरातून हलली. उरलेल्यांनी टेनिस आणि पोलो जवळ केले. क्लब मोडताना बँकेतल्या शिलकीचे 270 चांदीचे रुपये काढले, ते वितळवून चषक घडवला आणि 1878 मध्ये इंग्लंडच्या युनियनला भेट दिला. त्याच्या तीन मुठी फणा काढलेल्या नागांच्या आहेत, झाकणावर हत्ती आहे. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या 'कलकत्ता कप'साठी खेळतात.

या चषकाकडे अभिमानाने पाहावं असं आपल्याला वाटतं. पण रुपये इथले, कारागिरी इथली, आणि त्या क्लबच्या खेळात इथला माणूस मात्र नाही. खेळ शिकवून मागे ठेवण्याऐवजी त्याचा चषक करून मायदेशी पाठवला गेला.

मुंबईत 1875 मध्ये बॉम्बे जिमखाना उभा राहिला, तोही गोऱ्यांपुरता. 1933 मध्ये भारतातली पहिली क्रिकेट कसोटी याच मैदानावर झाली आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, तेव्हाही क्लबचं सभासदत्व भारतीयांना बंद होतं. क्रिकेटचं एक बरं झालं: पारशी, हिंदू, मुसलमान अशा प्रत्येकाने समोरच्या किनाऱ्यावर आपापले जिमखाने काढले आणि साहेबाला त्याच्याच खेळात गाठलं. फुटबॉल बंगाल, गोवा, केरळात पायाला लागला. रग्बी मात्र कुंपणाच्या आतच राहिली. स्वातंत्र्यानंतर दारं भारतीयांना उघडली ती सभासदांपुरती. लष्कराचे संघ आणि मोठ्या शहरांतले मोजके क्लब, एवढ्यांनी अखिल भारतीय स्पर्धा जिवंत ठेवली. क्रिकेट बंद झालं की पावसाळ्यात, चिखलात, रग्बी. भारताचा संघ आंतरराष्ट्रीय सामन्याला पहिल्यांदा उतरला तो 1998 मध्ये, कोलकात्याच्या त्या नाताळनंतर सव्वाशे वर्षांनी. त्या संघात अभिनेता राहुल बोस होता. पुढे 2021 मध्ये तो राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला.

शिस्त, सूर आणि डाग

रग्बीवाले आपल्या संस्कृतीबद्दल फार बोलतात, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. पंचांशी फक्त कप्तानाने बोलायचं, तेही 'सर' म्हणून. फुटबॉलमध्ये दहाजण पंचांना घेरतात तसं इथे केलं तर संघाला दहा मीटर मागे हटावं लागतं. गैरवर्तनाला पिवळं कार्ड: दहा मिनिटं, सातांच्या खेळात दोन मिनिटं, बाहेर. सामना संपला की दोन्ही संघ एकत्र खातात-पितात; त्याला 'तिसरा हाफ' म्हणतात. न्यूझीलंडचा संघ सामन्याआधी तिथल्या मूळ रहिवासी माओरींचा 'हाका' हा नाच करतो आणि समोरचा संघ तो उभा राहून स्वीकारतो.

डागही तेवढेच. याच न्यूझीलंडने 1960 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर माओरी खेळाडूंना नेलं नाही, कारण तिथल्या वर्णद्वेषी राजवटीला ते चालत नव्हते. 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले आणि सामने पोलीस बंदोबस्तात खेळावे लागले. 1995 च्या विश्वचषकात मंडेलांनी दक्षिण आफ्रिकेचा कप्तान फ्रांस्वा पिनारची 6 क्रमांकाची जर्सी घातली, तो क्षण जगाने पाहिला. त्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू एकच होता हे कमी जणांच्या लक्षात राहिलं. सिया कोलिसी पहिला कृष्णवर्णीय कसोटी कप्तान व्हायला 2018 उजाडलं. त्याच्या हाताखाली दक्षिण आफ्रिकेने 2019 आणि 2023 असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले.

आणि डोक्याची दुखापत. इंग्लंडच्या 2003 च्या विश्वविजेत्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन याने 2020 मध्ये जाहीर केलं की त्याला अकाली स्मृतिभ्रंश झाला आहे आणि तो विश्वचषक जिंकल्याचं आठवत नाही. त्याच्यासारखे कितीतरी माजी खेळाडू कोर्टात गेले आहेत. खांद्याच्या वरची पकड आज बेकायदा आहे, डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढून तपासतात. आपल्या मुलाला या खेळात घालताना आईवडील पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि विचारायलाच हवा. पकड कंबरेत आणि डोकं बाजूला, हे शिकवणारा माणूस मैदानात नसेल तर चेंडू न आणलेलाच बरा.

कुंपणाबाहेर

भारतात खेळ खरा हलला तो फाटक उघडल्यावर. बॉम्बे जिमखान्यात रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी या इंग्रजाला समोरच्या फॅशन स्ट्रीटच्या पदपथावर राहणारी मुलं रोज सराव बघत उभी दिसायची. त्याने त्यांना आत बोलावलं. त्या सरावातून 1999 मध्ये 'मॅजिक बस' ही संस्था उभी राहिली, जी पुढे देशभर खेळातून मुलांना शिक्षणाकडे नेऊ लागली. कोलकात्यात जवळपास हेच घडलं: पॉल वॉल्श या ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याने मैदानावर भटकणाऱ्या पोरांना घेऊन 2004 मध्ये 'जंगल क्रोज' काढला. दोन शहरं, दोन इंग्रज, आणि दोन्हीकडे कुंपणाबाहेर उभी असलेली पोरं. ती पोरं आधीही तिथेच होती. आत या म्हणणारं कोणी नव्हतं.

तिसरं उदाहरण आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतला चौदा वर्षांखालील मुलांचा संघ 2007 मध्ये लंडनला गेला आणि आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आला. अनवाणी धावणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या मुलांना रग्बीचं वावडं नव्हतं. हवे होते चेंडू, प्रशिक्षक आणि रोजचं जेवण. तेव्हापासून ओडिशा देशातल्या रग्बीचं बलस्थान झालं.

मुलींनी तर मुलांनाही मागे टाकलं. पुण्याची वाहबिझ भरुचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट, भारताची कप्तान झाली. 2018 मध्ये भारतीय महिलांचा पंधराचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि पुढच्याच वर्षी मनिलात त्यांनी सिंगापूरला 21-19 असं हरवून पहिला विजय मिळवला. शेवटची निर्णायक पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. बिहारमधल्या बाढची स्वीटी कुमारी धावपटू होती. तिच्या वेगाने आशिया दणाणून गेला. जिमखाने नसलेल्या राज्यांतून, तिथे रग्बी पोचल्यावर काही वर्षांत, हे घडलं.

सातांच्या खेळाचा यात मोठा वाटा आहे. हा प्रकार 1883 मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोझ गावात, क्लबला चार पैसे मिळावेत म्हणून एका खाटकाच्या कल्पनेतून निघाला. 1924 नंतर ऑलिंपिकमधून गेलेली रग्बी 2016 मध्ये रिओत परतली ती याच रूपात, आणि पुरुषांचं सुवर्ण जिंकलं फिजीने. दहा लाखांच्या आतली लोकसंख्या, देशाचं पहिलंच ऑलिंपिक पदक. वसई-विरार शहराचीच लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 12 लाखांवर होती.

अंधेरीपर्यंत आलेली गाडी

15 ते 29 जून 2025 या काळात अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात सहा संघांची पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. 34 सामने, परदेशी नामांकित आणि भारतीय खेळाडू एकत्र, आणि विजेतेपद चेन्नईला. विरारहून अंधेरी अडतीस किलोमीटर. चर्चगेटच्या हिशोबात खेळ वीस-बावीस किलोमीटर जवळ आला म्हणायचं.

उरलेलं अंतर लीग भरून काढणार नाही. पालघर जिल्ह्याकडे पाहिलं तर सामग्री डोळ्यांसमोर आहे. वसईच्या किनारपट्टीवर फुटबॉलचं वेड आहे, म्हणजे मोठ्या मैदानावर जागा पाहून पळायची सवय आहे. कबड्डीची मंडळं आहेत, म्हणजे पकड आहे. जव्हार, मोखाडा, तलासरीच्या आश्रमशाळांत ओडिशासारखीच मुलं आहेत. ओहोटीला अर्नाळा-राजोडीची ओली वाळू लांबच लांब सपाट पडते. पकडीऐवजी फक्त हात लावायचा 'टच' प्रकार तिथे गोलखांबांशिवाय, कोणाचं डोकं न फुटता, मुलं-मुली एकत्र खेळू शकतात. पावसात मऊ झालेली जमीन, जी क्रिकेटला नकोशी, ती पडणाऱ्याला बरी.

नाही ते मैदान. भातशेती गेली तिथे इमारती आल्या, आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हक्क पहिला. जो क्रीडाशिक्षक आठवड्यातून दोन संध्याकाळी एक मैदान मागून घेईल, प्रशिक्षकाचं रीतसर शिक्षण घेईल आणि कबड्डीच्या पोरांपुढे लंबगोल चेंडू ठेवेल, त्याला पकड शिकवायला फार वेळ लागणार नाही. वेळ लागेल तो पकडलेला गडी सोडायला शिकवायला. पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलंय की धरलं की सोडायचं नाही. पहिले पंधरा दिवस पंच शिटी वाजवत राहतील, आणि पोरं घोटा धरून बसतील.